घरातल्या कुंड्यांवरची काळी चिलटं मुळापासून कशी घालवायची

जुलैची झड लागली की कोल्हापुरात गॅलरीतल्या कुंड्या घरात येतात. पंधरा-वीस दिवस गेले की तक्रार ठरलेली: पाणी घालायला गेलं की मातीवरून बारीक काळ्या माश्या उठतात, संध्याकाळी दिव्याभोवती आणि टीव्हीच्या पडद्यावर बसतात, चहाच्या कपात पडतात. मग डासांचा स्प्रे मारला जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याचं कारण सरळ आहे. उडणारी माशी रोपाला काही करत नाही, आठवडाभरात ती आपोआप मरते. नुकसान करते ती मातीतली अळी, आणि ती जगते कुंडीच्या वरच्या दोन इंच ओल्या थरात. तो थर हातात आला तर ही कीड तीन ते चार आठवड्यांत संपते. नाही आला, तर वर्षभर स्प्रे मारूनही संपत नाही.

आधी खात्री करा

घरात उडणारं प्रत्येक चिलट कुंडीतलं नसतं. फंगस नॅट (मश्रूम पिकवणारे हिलाच सायरिड माशी म्हणतात) साधारण ३ मिलिमीटरची, काळपट, लांब पायांची, डासाच्या बांध्याची पण न चावणारी असते. उडण्यात ती कच्ची. मातीवर, कुंडीच्या काठावर तुरुतुरु पळते आणि खिडकीच्या काचेवर मरून पडलेली सापडते. केळ्यांवर घोंगावणारी माशी गुटगुटीत, पिवळसर तपकिरी आणि लाल डोळ्यांची असते, तिचा कुंडीशी संबंध नाही. बाथरूमच्या फरशीवर बसणारी, पंख पसरलेली केसाळ माशी मोरीच्या जाळीतून येते. कुंडीच्या मातीवर हिरवं शेवाळ असेल तर आखूड मिशांची, पंखांवर पांढुरके ठिपके असलेली शेवाळमाशीही दिसते. ती जोरात उडते आणि मुळं खात नाही, पण तिचं मूळही अति पाण्यातच आहे.

मातीतली अळी ओळखायला एक खूण पुरते: अंग पांढुरकं, जवळपास पारदर्शक, लांबी ५ मिलिमीटरच्या आसपास आणि डोकं चकचकीत काळं. गांडूळखत घातलेल्या कुंडीत बारीक पांढरे किडे आणि गांडुळांची पिल्लं असतात, त्यांना काळं डोकं नसतं. त्यांना घाबरून औषध ओतू नका. टुणकन उड्या मारणारे पांढरे ठिपक्याएवढे जीवही निरुपद्रवी असतात.

तपासायला बटाटा वापरा. सोललेल्या बटाट्याची एक इंच रुंद, अर्धा सेंटिमीटर जाड चकती मातीत हलकी दाबून ठेवा, मातीशी पूर्ण टेकली पाहिजे. दोन-तीन दिवसांनी उचलून खालची बाजू आणि तिच्याखालची माती उजेडात पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर निदान पक्कं. प्रत्येक कुंडीत एक चकती ठेवली की कुठली कुंडी अड्डा आहे ते कळतं. बहुतेक घरांत वीस कुंड्यांपैकी दोन-तीनच खऱ्या दोषी निघतात. चकती अळ्यांसकट पिशवीत बांधून बाहेर टाका, स्वयंपाकघराच्या खताच्या डब्यात नको.

तीन-चार आठवडे का लागतात

मादी ओल्या मातीच्या भेगांत शंभर-दोनशे अंडी घालते. अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, अळी दोन आठवडे खाते, मग तीन-पाच दिवस कोषात जाते आणि माशी बाहेर पडते. हा वेग साधारण २४ अंश तापमानाचा आहे, आणि कोल्हापुरात पावसाळ्यात घरातलं तापमान जवळपास तेवढंच असतं. त्यात दमट हवा आणि उन्हाचा पत्ता नाही. म्हणजे जुलै ते सप्टेंबर हा या किडीचा हंगामच.

यातून दोन गोष्टी निघतात. अंडं आणि कोष काही खात नाहीत, त्यामुळे अळीच्या पोटात जाऊन काम करणारं औषध त्यांना लागू पडत नाही. एकदा औषध घातलं आणि संपलं, असं होत नाही ते यामुळे. दुसरं, उपाय सुरू केल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा माश्या दिसतच राहतात, कारण त्या आधीच कोषात गेलेल्या असतात. ‘औषध चालत नाही’ म्हणून नेमका इथेच उपाय सोडला जातो.

कीड येते कुठून

बुरशी, शेवाळ आणि अर्धवट कुजलेला काडीकचरा हे अळीचं मुख्य खाणं. ते कमी पडलं की ती बारीक मुळांकडे वळते. म्हणून कुंडीत काय भरलंय याला महत्त्व आहे. कोल्हापूर परिसरात साखर कारखान्यांचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) सहज मिळतं आणि बरेच जण ते थेट कुंडीत भरतात. पुरतं न मुरलेलं प्रेसमड, ओलं शेणखत, अर्धवट कुजलेलं पाचट हे या माशीला आमंत्रण आहे. मुरलेल्या खताला मातीचा वास येतो, आंबूस किंवा अमोनियाचा नाही, आणि ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. तसं नसेल तर ते शेतात किंवा गच्चीवरच्या वाफ्यात चालेल, घरातल्या कुंडीत नको.

दुसरा रस्ता स्वयंपाकघरातून येतो. वापरलेली चहापत्ती, केळ्याची सालं, तांदळाचं धुवण, ताक, पेंडीचं आंबवलेलं पाणी, जीवामृत: बाहेरच्या झाडांना यांचा उपयोग असेल, घरातल्या कुंडीवर मात्र हे सगळं बुरशीचं जेवण होतं. चहापत्ती मातीवर पसरायची सवय एकटी सोडली तरी बऱ्याच घरांतला त्रास निम्म्यावर येतो. निंबोळी पेंडही याला अपवाद नाही. ती कीड घालवते म्हणून मातीच्या वर भुरभुरवली जाते, पण वर पडून ओली राहिली की तिच्यावरच पांढरी बुरशी धरते. घालायचीच तर कुंडी भरताना मातीत मिसळून घाला.

काळी माती घरातल्या कुंडीत वापरूच नये. ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगा अंडी घालायला सोयीच्या. चाळलेली तांबडी माती १ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, पूर्ण मुरलेलं खत अर्धा भाग आणि जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) अर्धा भाग, हे मिश्रण घरात चांगलं चालतं.

पाणी: निम्मं काम इथे होतं

वरचा दीड-दोन इंच थर दोन पाण्यांमध्ये कोरडा झाला पाहिजे. अंडी आणि कोवळ्या अळ्या कोरड्यात तग धरत नाहीत. ‘एक दिवसाआड पाणी’ असले नियम पावसाळ्यात फेकून द्या. जी कुंडी मे महिन्यात दोन दिवसांत वाळते ती जुलैत दहा दिवस ओली राहू शकते. वर हात लावून कोरडं वाटणं पुरेसं नाही. लाकडी काडी दोन इंच खुपसा, मिनिटभर ठेवा, काढा. माती चिकटली किंवा काडी काळसर ओली दिसली तर पाणी नको. थोड्या दिवसांत कुंडी उचलूनच अंदाज येतो.

स्नेक प्लांट, झीझी, जेड, कोरफड यांना पूर्ण कुंडी वाळू दिली तरी चालते. मनी प्लांट, सिंगोनियम, रबर प्लांट यांना वरचे दोन इंच. पीस लिली पाणी कमी पडलं की पानं टाकते आणि पाणी मिळताच तासा-दोन तासांत उभी राहते, तिच्या बाबतीत काडीही लागत नाही. अडचण फर्न आणि कॅलाथियाची. त्यांना सुकवता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी खाली दिलेलं जैविक औषधच मुख्य उपाय समजा.

शक्य तिथे पाणी खालून द्या. परातीत किंवा टबात दीड इंच पाणी घ्या, कुंडी २० ते ३० मिनिटं त्यात ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या. खालच्या मुळांना पाणी मिळतं आणि वरचा थर बराच कोरडा राहतो. कुंडी तासभर पाण्यात विसरली तर ओल वरपर्यंत चढते आणि सगळा हेतू वाया जातो. दोषी कुंडीचं उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला वापरू नका. खालूनच पाणी देत राहिलं की क्षार वर साठतात, मातीवर पांढरी कड दिसू लागते. म्हणून महिन्या-दीड महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून धुवून काढा. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

पिवळे सापळे

पिवळे चिकट सापळे कोल्हापुरात शोधावे लागत नाहीत. पॉलीहाऊस आणि भाजीपाल्याच्या शेतीमुळे कृषी सेवा केंद्रात ते असतातच. घरासाठी मोठा कागद कापून ३ बाय ४ इंचांचे तुकडे करा. प्रत्येक दोषी कुंडीत एक तुकडा मातीपासून इंचभर वर, आडवा, काडीवर टोचून ठेवा. ही माशी उंच उडत नाही, त्यामुळे खिडकीत टांगलेल्या सापळ्यापेक्षा मातीलगतचा सापळा कितीतरी जास्त पकडतो. घरी करायचा तर पिवळ्या पुठ्ठ्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. धुळीने चिकटपणा जातो, आठवड्याने नवा लेप लागतो.

सापळ्याने कीड संपत नाही. मादीने अंडी घालून झाल्यावर ती चिकटली तर काय उपयोग? सापळ्याचा खरा फायदा मोजणीचा. दर रविवारी अडकलेल्या माश्या मोजा, तारखेसह लिहा आणि तुकडा बदला. आकडा उतरतोय की नाही, हे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा तो कागद खरं सांगतो. व्हिनेगर-साखरेच्या वाटीत अडकतात त्या बहुतेक फळमाश्या, तिच्यावर विसंबू नका.

मातीतली अळी मारण्यासाठी

सगळ्यात भरवशाचं आणि घरात सुरक्षित औषध म्हणजे बीटीआय. हा डासांच्या अळ्या मारायला वापरला जाणारा जीवाणू. खरेदी करताना लेबल नीट वाचा: नावात ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द हवा. कृषी दुकानात ‘बीटी’ मागितलं की बहुधा ‘कुर्स्टाकी’ प्रकार हातात येतो. तो पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी आहे, या अळीवर त्याचा परिणाम होत नाही. पैसे वाया जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. बीटीआय पेस्ट कंट्रोलचं साहित्य विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळतं. लेबलवरचं प्रमाण डासांसाठी, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने असतं. कुंडीसाठी पाण्यात मिसळणारी पावडर लिटरला २ ग्रॅम घ्या.

द्रावण ताजं करा आणि त्याच दिवशी संपवा. कुंडीचा वरचा थर आधी वाळू द्या आणि पाण्याची वेळ येईल तेव्हा साध्या पाण्याऐवजी हेच वरून घाला. औषधासाठी वेगळं जादा पाणी घातलं तर एका हाताने अळी मारून दुसऱ्या हाताने तिला ओल पुरवल्यासारखं होतं. ६ इंची कुंडीला २०० ते २५० मिलि, ८ इंची कुंडीला ४०० ते ५०० मिलि पुरतं, सगळा पृष्ठभाग काठापर्यंत भिजला पाहिजे. हा जीवाणू मातीत वाढत नाही आणि थोड्या दिवसांत निष्प्रभ होतो, म्हणून दर ५ ते ७ दिवसांनी, एकूण चार वेळा द्या. कुंडी तोवर वाळली नसेल तर पाणी निम्म्यावर आणा, औषध तेवढंच ठेवा.

बीटीआय नाही मिळालं तर कडुनिंबाचं औषध. इथेही आकड्याकडे लक्ष द्या. १०,००० पीपीएमचं (पीपीएम म्हणजे औषधाची तीव्रता) अ‍ॅझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातला कीडनाशक घटक, लिटरला २ ते ३ मिलि, १,५०० पीपीएमचं ५ मिलि. अळीची कात टाकण्याची क्रिया त्याने बिघडते, त्यामुळे परिणाम दिसायला आठवडा लागतो. दहा दिवसांच्या अंतराने तीनदा द्या. साधं निंबोळी तेल असेल तर ५ मिलि तेल आधी १ ते २ मिलि द्रव साबणात घोटा, मग थोडं थोडं करत लिटरभर कोमट पाणी घाला. न घोटता ओतलेलं तेल वर तरंगतं आणि एकाच जागी पडून मुळं भाजतं. वास दोन दिवस राहतो, बैठकीच्या खोलीतल्या कुंड्यांना शुक्रवारी देऊ नये एवढं नक्की.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे सल्ले सगळीकडे फिरतात. त्यात बहुधा ३ टक्क्यांची बाटली धरलेली असते, म्हणजे १ भागाला ४ भाग पाणी. आपल्या मेडिकल दुकानात मिळणारी बाटली बहुतेक वेळा ६ टक्क्यांची (२० व्हॉल्यूम) असते, तिचा १ भाग आणि ९ भाग पाणी घ्या. माती फसफसते, तेवढ्या वेळात अळ्या मरतात आणि मग त्याचं पाणी होऊन जातं. मातीतले उपयोगी जीवाणूही त्यात मरतात, म्हणून फार बिघडलेल्या कुंडीत सुरुवातीला एकदाच वापरा आणि बीटीआय किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) त्यानंतर दोन दिवसांनी द्या. दोन्ही एकत्र कधीच नाही.

या किडीवरचा नामांकित सूत्रकृमी (अळ्या मारणारा अतिसूक्ष्म कृमी) स्टायनरनेमा फेल्टिए आपल्याकडे सहज मिळत नाही. उसाच्या हुमणीसाठी विकला जाणारा हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका मात्र ऊसपट्ट्यात मिळतो आणि उष्णता सोसतो. त्याला सरकायला ओल लागते, त्यामुळे वाळवणीचा उपाय चालू असलेल्या कुंडीत तो घालून उपयोग नाही. फर्नसारख्या सतत ओल्या कुंडीत किंवा रोपांच्या ट्रेमध्ये वापरून पाहण्यासारखा आहे. पाकिटावरची मुदत बघा, मेलेले सूत्रकृमी विकत घेण्यात अर्थ नाही.

मातीवर वाळूचा थर देणं उपयोगी आहे, पण थर जाड वाळूचा, धुतलेला आणि किमान दीड सेंटिमीटर हवा, शिवाय पाणी खालूनच द्यायला हवं. वरून पाणी घातलं की वाळू ओली राहते, खालची माती वाळलेली की नाही हेही दिसत नाही, आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून माश्या ये-जा करतच राहतात. हळद, दालचिनी पावडर वरची बुरशी थोडी दाबते, आतली अळी मरत नाही.

आणि थिमेट. ‘दोन दाणे टाक, सगळं जातं’ असं सांगणारे अजून भेटतात. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. ते अत्यंत विषारी आहे, डिसेंबर २०२० अखेर त्यावर देशात बंदी आली, आणि बंद खोलीतल्या कुंडीत ते घालणं मुलांच्या आणि मांजरांच्या जिवाशी खेळ आहे. नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्याच बंदीत गेलं. जुनी बाटली घरात असेल तरी तिला हात लावू नका.

रोपांच्या ट्रेसाठी वेगळा हिशेब

मोठं झाड थोड्या अळ्या सहज सोसतं. मिरची, टोमॅटो, वांगी, झेंडू यांचं दोन पानांवरचं रोप सोसत नाही, कारण त्याला मुळंच चार असतात. दसऱ्याच्या झेंडूची रोपं ऐन पावसाळ्यात करावी लागतात, तेव्हा माशी जोरात असते आणि ट्रे वाळवताही येत नाही. म्हणून इथे आधीची स्वच्छता हाच खरा उपाय.

उसाच्या रोपवाटिकांमुळे कोकोपीट आणि प्रो-ट्रे (रोपांसाठीचे कप्प्यांचे ट्रे) इथे कुठेही मिळतात. पण उघड्यावर भिजत पडलेलं सुटं कोकोपीट घेऊ नका, सीलबंद वीट घ्या. ६५० ग्रॅमची वीट टबात ठेवून तिच्यावर ४ लिटर उकळतं पाणी ओता, झाकण घाला, वर पोतं टाका आणि गार होईपर्यंत उघडू नका. आत ६० अंशांवर अर्धा तास राहिलं तरी अंडी, अळ्या आणि बहुतेक रोगकारक बुरशी मरतात. मग पिळून, स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन क्षार काढा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच पडावेत इतकी ओल ठेवा. जुने ट्रे घासून धुवा आणि कडक वाळवा. ३ भाग कोकोपीटला १ भाग परलाइट पुरे. गांडूळखत पहिल्या दोन आठवड्यांत लागतच नाही, बियाण्याची स्वतःची शिदोरी तोवर पुरते. खरी पानं आली की १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

बी पेरल्यावर वर पाव इंच कोरडं परलाइट किंवा धुतलेली वाळू पसरा. ट्रेवर झाकलेलं प्लास्टिक पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी काढा. ‘अजून निम्मी उगवायचीत’ म्हणून ते आठवडाभर ठेवलं जातं आणि आत बुरशीचा कारखाना उभा राहतो. त्यानंतर पाणी फक्त खालून, १० ते १५ मिनिटं, ट्रे हलका लागला की. पंखा मंद, रोपं किंचित हलतील इतपत. बीटीआय पहिल्या पाण्यापासूनच द्या, माशी दिसायची वाट पाहू नका, आणि दर आठवड्याला द्या. कडुनिंबाचं औषध कोवळ्या रोपांना निम्म्या प्रमाणात, आधी पाच-सहा रोपांवर दोन दिवस बघून मगच.

रोपं पडू लागली तर पडलेलं रोप हळूच उपटून पाहा. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक, पाणचट झाला असेल तर ती रोपमर, म्हणजे बुरशी. देठ धड आणि खालची बारीक मुळं कुरतडून गायब असतील तर अळी. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, कारण कुरतडलेल्या जागेतून बुरशी शिरते आणि माशी ती या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये नेते. रोपमर असेल तर पडलेल्या रोपाभोवतीचे कप्पे माध्यमासकट काढून टाका, बाकी ट्रेला ट्रायकोडर्मा लिटरला ५ ग्रॅम द्या आणि पाणी एक दिवस पुढे ढकला. नुसतं औषध देऊन पाणी तेवढंच ठेवलं तर रोपं पडायची थांबत नाहीत.

थांबायचं कधी

सलग दोन आठवडे सापळा रिकामा आणि बटाट्याच्या दोन चकत्या लागोपाठ स्वच्छ, तेव्हा ती कुंडी सुटली असं धरा. चार आठवड्यांनंतरही आकडा उतरत नसेल तर बहुतेक वेळा एखादी कुंडी तपासायची राहिलेली असते: देवघराजवळची तुळस, फ्रिजवरचं लकी बांबू, कपाटावरचा मनी प्लांट, किंवा दाराआड ठेवलेली मातीची उघडी पिशवी. तसं काही नसेल आणि माती आंबूस वास मारत असेल तर झाड काढा, मुळांची माती धुवा, कुजलेली काळी मुळं कापा आणि नव्या मिश्रणात लावा. ही काढलेली माती कोरडी करून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात ती पुन्हा ओली करून, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून गच्चीवर पातळ पसरवून ठेवली तर महिन्याभरात वापरण्याजोगी होते.

नर्सरीतून आणलेलं नवं झाड तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत, स्वतःच्या पिवळ्या सापळ्यासह ठेवा.